मोजून दिलेलं पाणी

समारंभाचे अध्यक्ष सन्माननीय नत्थुजी इंगोले, रुग्णालयाच्या विश्वस्त मंडळाच्या वतीने आलेले वकारभाई, व्यासपीठावरचे इतर मान्यवर, पहिल्या रांगेत बसलेले डॉक्टरांचे यजमान रऊफसाहेब, इथल्या परिचारिका, वॉर्डातल्या मावश्या, पोरांना कडेवर घेऊन आलेल्या आया, खुर्च्यांखाली पळापळ करणारी ती पोरं, आणि ज्यांच्यासाठी आपण सगळे जमलो त्या आपल्या डॉक्टर उज्मा, तुम्हा सर्वांना माझा नमस्कार.

मी अमरावतीची. मुलींच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले त्याला बराच काळ लोटला, पण घंटा झाली की तोंड मिटायची सवय काही गेली नाही. आजची घंटा म्हणजे मगरिबची अजान. रमजान चालू आहे, डॉक्टरांचा रोजा आहे, आणि तो सोडायला त्यांना माझ्यामुळे उशीर झाला तर अकोल्यात मला पुन्हा कोणी बोलावणार नाही. तेव्हा अजान कानावर आली की मी जिथे असेन तिथे थांबेन. वाक्य अर्धं राहिलं तर तुमचं तुम्ही पूर्ण करून घ्या.

आधी एक किरकोळ काम. गोवर्धन, बाळा, तू या कार्यक्रमाचा सूत्रसंचालक. पहाटेपासून पाण्याचा थेंब न घेतलेल्या बाईसमोर तू थंडगार पाण्याची बाटली आणून ठेवली आहेस, आणि त्या पीत नाहीत असं पाहून मघाशी येऊन झाकणही सैल करून गेलास. तुझा हेतू चांगला आहे. वऱ्हाडात हेतू नेहमीच चांगला असतो. मी आज त्या चांगल्या हेतूबद्दलच बोलणार आहे. तेवढी बाटली उचल.

दुसरी तक्रार जरा मोठी आहे. काल मला संयोजकांपैकी एकाचा फोन आला. नाव सांगत नाही, ते आत्ता मान खाली घालून बसले आहेत. म्हणाले, मॅडम, तुम्ही मोकळेपणाने बोला, फक्त तो लघवीचा उल्लेख टाळता आला तर पाहा, स्टेजवर बरं दिसत नाही. मी त्यांना विचारलं, उद्याचा निरोपसमारंभ कोणाचा आहे? लहान मुलांच्या किडनीच्या डॉक्टरांचा. या बाईंनी उभा जन्म मुलांच्या लघवीतलं रक्त आणि लघवीतून जाणारी प्रथिनं पाहण्यात घालवला. मग मी काय अत्तराबद्दल बोलू?

मी ननांच्या शाळेत शिकले. तिथे आम्ही करंगळी वर करायचो आणि सिस्टर डोळ्यांनीच परवानगी द्यायच्या, म्हणजे दोन्ही बाजूंनी शब्द उच्चारायला नको. इंग्रजी मला त्यांनी उत्तम शिकवलं. पण माणसाच्या अंगातून दिवसातून इतक्यांदा बाहेर पडणाऱ्या गोष्टीला नावच नसावं, हा संस्कार मात्र मी शाळेच्या फाटकातच टाकून आले. ज्याचा उच्चार करायची लाज वाटते, ते पाहायचीही लाज वाटते. आणि जे आपण पाहत नाही, ते आपल्या मुलांच्या अंगात मुकाट्याने घडत राहतं. तेव्हा मी लघवी म्हणणार आहे, आणि माईकमध्ये म्हणणार आहे.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हाही रमजान होता, फक्त तो मे महिन्यात आला होता. अकोल्याचा मे. तुम्हाला मी काय सांगू.

माझी नात अवनी तेव्हा सात वर्षांची. सुटीत आजोळी आली होती, इथेच, अकोल्याला. तिचे आजोबा, म्हणजे माझे व्याही, हरिहर वकील. तुमच्यापैकी अनेकांनी त्यांच्या हातचं पाणी प्यालेलं आहे. बार्शीटाकळीच्या फाट्यावर कडुलिंबाखाली त्यांच्या आईच्या नावाची पाणपोई आहे. ओल्या लाल फडक्यात गुंडाळलेले रांजण, पाण्यात वाळ्याची जुडी, आणि लांब दांड्याचं पितळी ओगराळं. कोर्टाला सुटी लागली की वकीलसाहेब स्वतः ते ओगराळं घेऊन बसतात. कोणी एकच पेला पिऊन सायकलवर टांग मारली तर त्याला हाक मारून परत बोलावतात, "आजून घ्या ना जी, काहून लाजता?" ज्याला तहान नाही त्यालाही ते तहान लावतात. आमच्या दोन्ही घरांत त्यांच्याइतका पुण्यवान माणूस नाही, हे मी त्यांच्या तोंडावर कधी म्हटलेलं नाही. आज म्हणते, कारण पुढे मला त्यांच्याबद्दल आणखीही बोलायचं आहे.

त्या एप्रिलमध्ये अवनीच्या पायांवर घामोळ्या आल्या होत्या. पोरीने खाजवून फोड केले. फोड पिकले, सुकले, खपल्या पडल्या. उन्हाळ्यात कोणत्या पोराला फोड येत नाहीत? सगळे विसरून गेले. पुढे आजोळी आल्यावर एका सकाळी तिचा चेहरा भरलेला दिसला. शेजारणी म्हणाल्या, आजीच्या हातचं मानवलं हो, पोरगी कशी भरली. माझ्या विहीणबाई, गोदावरीबाई, यांनी लगोलग मीठमोहऱ्या ओवाळून दृष्ट काढली. डोळ्यांखाली पाणी साचलेलं पोर आणि त्याची दृष्ट काढणारी आजी. याला हसू नका. तुमच्या घरीही हेच झालं असतं.

मग पोरीने स्वतःच सांगितलं, की तिला शू काळ्या चहासारखी होते आहे.

आणि आता तो शब्द येतो, ज्याने आमच्या वऱ्हाडात सगळे प्रश्न मिटतात. उन्हाळी. पोराची लघवी गडद झाली, कमी झाली, लाल झाली, की उन्हाळी लागली. आजीला कळतं, शेजारणीला कळतं, रिक्षावाल्यालाही कळतं. अमरावतीच्या एका ओळखीच्या डॉक्टरांना फोन केला तर त्यांनाही फोनवरच कळलं. उपाय एकच. पाणी पाजा.

आता ज्याच्या घरचा माणूस वाटसरूंना हाका मारून पाणी पाजतो, त्या घरात नातीला उन्हाळी लागली म्हटल्यावर काय झालं असेल? सब्जा झाला, धनेजिऱ्याचं पाणी झालं, मीठ घातलेलं पन्हं झालं, ताक झालं, शहाळी झाली. वकीलसाहेबांनी पाणपोईवरचा एक लहान रांजण उचलून घरी आणला, खास तिच्यासाठी. शहाणी पोर, दिलं ते पीत गेली. आणि लघवी दिवसेंदिवस कमी. वरून ओतत होते, खालून येत नव्हतं, आणि मधल्या मध्ये ते जातं कुठे, हा प्रश्न शिकलेल्या घरात एकाच्याही मनात आला नाही.

माझी सून हर्षा घाबरली, तिने मला फोन केला. मी बडनेऱ्याहून मिळेल त्या गाडीत बसले आणि अकोल्याला आले. पोरीचे डोळे दोन चिरांएवढे राहिले होते. मला वैद्यकातलं काही कळलं नाही. मला फक्त भांडता येतं, म्हणून मी भांडले. वकीलसाहेब म्हणाले, "काहून घाबरून राहिल्या, बाई? उन्हाळी आहे." विहीणबाई हळूच म्हणाल्या, मुलीची जात, दवाखान्यात किडनीचं नाव निघालं तर उद्या सोयरिकीच्या वेळी लोक काय म्हणतील. सात वर्षांच्या मुलीची सोयरीक! मी त्यांना म्हटलं, विहीणबाई, आधी पोरगी लग्नापर्यंत पोचू द्या, मग मांडवात मी स्वतः लोकांना उत्तर देते. आणि आम्ही या रुग्णालयात आलो.

डॉक्टर उज्मांना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. मोठी माणसं एकदम बोलत होती. त्यांनी आमच्यापैकी कोणाकडेही पाहिलं नाही. पोरीसमोर स्टूल ओढून बसल्या आणि विचारलं, "शू करताना जळतं का, बेटा?"

अवनी म्हणाली, नाही.

एवढंच. उन्हाळी जळते, ठणकते, पोर रडतं. हिला काहीच दुखत नव्हतं. हा प्रश्न तोवर तिला कोणी विचारलाच नव्हता. मग त्यांनी तिचा परकर जरा वर केला, पायांवरचे सुकलेल्या फोडांचे डाग बोटाने चाचपले, आणि मान हलवली. दंडाला बीपीची लहान पट्टी बांधली. त्या पट्टीबद्दल मला नंतर बोलायचं आहे, वकारभाई, तुम्ही कुठे जाऊ नका.

मग त्यांनी जे केलं ते मी विसरणार नाही. पोरीच्या लघवीची बाटली घेऊन त्या पूर्वेकडच्या खिडकीशी गेल्या आणि हर्षाला बोलावलं. म्हणाल्या, मला सांगू नका, तुम्ही स्वतः पाहा. खिडकीच्या कट्ट्यावर बाटल्या ओळीने मांडलेल्या होत्या, प्रत्येकीवर पोराचं नाव. काळ्या चहापासून कडब्याच्या रंगापर्यंत सगळ्या छटा, आणि आरपार येणारं ऊन. मग थोडी लघवी त्यांनी काचेच्या नळीत घेतली आणि ज्योतीवर धरली. डोळ्यांदेखत ती वरून पांढरी होत गेली, दाटली, फुटली. अंड्याचा बलक काढून उरलेला पांढरा भाग तव्यावर पडल्यावर होतो तशी. आमच्या घरात अंडं येत नाही, तरीही ओळखलं मी. डॉक्टर म्हणाल्या, हे प्रथिन, हे अंगात राहायला पाहिजे, ते बाहेर येऊन राहिलं.

आणि नंतर त्यांनी मला मायक्रोस्कोपला डोळा लावायला लावला. कशाला लावला कोण जाणे, बहुधा माझं तोंड बंद व्हावं म्हणून. झालंही. आत रक्ताच्या गोल टिकल्या होत्या, पण चेपलेल्या, वेड्यावाकड्या, फाटक्या कपड्याच्या कडेसारख्या. त्यांच्यामध्ये विटकरी रंगाचे लांबट तुकडे, जणू सोऱ्यातून पडलेली शेव. त्यांनी सांगितलं, किडनीत चाळण्या आहेत, लाखोंनी, आणि त्यांना जोडलेल्या केसाहून बारीक नळ्या. रक्त चाळणीतून चेपून निघालं म्हणून त्या टिकल्या वाकड्या. त्या बारीक नळीत ते थिजलं आणि नळीचाच आकार घेऊन बाहेर पडलं म्हणून ही शेव. म्हणजे हे रक्त खालच्या वाटेवरचं नाही, थेट चाळणीतलं आहे.

मी जन्मभर मुलींना इतिहास शिकवला. एका विटेवरून राजवाडा ओळखणारे लोक असतात असं सांगत आले. पण एका थेंबावरून सात वर्षांच्या पोरीच्या पाठीत खोलवर बसलेल्या, डोळ्यांना कधीही न दिसणाऱ्या नळीचा साचा कोणी दाखवू शकेल, हे माझ्या कल्पनेत नव्हतं. आमच्या गच्चीवर त्याच आठवड्यात कुरडया वाळत होत्या. त्यानंतर मला सोऱ्या हातात धरवला नाही, कितीतरी दिवस.

डॉक्टरांनी समजावलं ते असं. फोडांतले जंतू केव्हाच मेले. त्यांच्याशी लढून झाल्यावर जो कचरा रक्तात उरला, तो किडनीच्या चाळणीत जाऊन अडकला. चाळणी सुजली, रक्त आणि प्रथिन गळायला लागलं, आणि पाणी-मीठ मात्र आतच कोंडलं. आम्ही पाजलेलं सगळं पन्हं पोरीच्या अंगात होतं. चेहऱ्यावर दिसत होतं ते बाळसं तेच. आमच्या तहानलेल्या मुलुखात, भर मे महिन्यात, आमची पोर आतल्या आत बुडत होती.

यावर औषध काय? रक्तदाबाचं, लघवी सुटावी म्हणून एक, बाकी मीठ बंद, पाणी मोजून, आणि वाट पाहणं. डॉक्टर म्हणाल्या, बहुतेक पोरांची किडनी आपली आपण दार उघडते. तोवर आपण पोरगी बुडू द्यायची नाही, इतकंच आपलं काम.

वकीलसाहेबांचा यावर विश्वास बसला नाही. "उन्हाळ्यात लेकराले पाणी नाही द्यायचं? हे कोन्त्या धर्मात लिहिलं?" डॉक्टर म्हणाल्या, "द्यायचं ना. मी सांगेन तेवढं."

तुम्ही कधी मे महिन्यात तहानलेलं मूल पाहिलं आहे का? कूलर घरघरतो आहे, बाहेर रस्त्यावर डांबर वितळतं आहे, आणि पोर कॉटवरून सारखं विचारतं आहे, आई, आता पिऊ? हर्षा तिचे ओठ ओल्या कापडाने टिपायची आणि तोंड फिरवून रडायची. आम्ही सगळे तिथे होतो, आणि कोणाच्याही अंगात नाही म्हणायची ताकद नव्हती. दुपारी हर्षाचा जरा डोळा लागला. मी औषधं आणायला खाली गेले होते. वकीलसाहेब कॉटशेजारी बसले होते. पोरीने त्यांच्याकडे पाहिलं असेल. त्यांच्या पिशवीत पाणपोईवरची बाटली होती, वाळ्याच्या पाण्याची.

संध्याकाळी पोरीला धाप लागली. डोकं दुखतं म्हणाली. मग एकदम विचारलं, "आई, लाईट गेली का?"

लाईट गेली नव्हती. सगळे दिवे चालू होते.

आणि तिला झटका आला.

अंगात पाणी वाढलं तसं बीपी चढलं आणि ते मेंदूपर्यंत पोचलं, हे मला नंतर कळलं. पुढचं मला नीट आठवत नाही. डॉक्टर धावत आल्या, सुई लावली, बीपीची पट्टी बांधली, सोडली, पुन्हा बांधली. पोरीला पुन्हा दिसू लागलं, तिने हर्षाला ओळखलं, तेव्हा वॉर्डाच्या दारात उभे असलेले वकीलसाहेब पुढे झाले. कोणी विचारलं नव्हतं. म्हणाले, "मी पाजलं. बाटलीभर पाजलं."

मी माझी जीभ परजून तयार होते. माझी जीभ काय आहे हे अमरावतीच्या पालकांना विचारा. पण डॉक्टर माझ्या आधी बोलल्या. टेबलावरची औषध मोजायची इवली प्लास्टिकची वाटी त्यांनी उचलली, वकीलसाहेबांच्या हातात ठेवली, आणि म्हणाल्या, "वकीलसाहेब, आजपासून हिची पाणपोई तुमी चालवा. माप मी देईन."

मला वाटलं, बाई शुद्धीवर आहे का? चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या? मी त्यांना बाहेर गाठून तसं म्हटलंही. त्या भिंतीला टेकून उभ्या होत्या, चेहरा उतरलेला. म्हणाल्या, "बाई, ज्याला पाणी नाही म्हणताना काही वाटत नाही, तो मोजायचं विसरतो. यांचा जीव तुटतो. हे नाही विसरायचे."

आणि खरोखरच, त्या दिवसानंतर त्या माणसाने चूक केली नाही. पोरगी रडली तर स्वतः रडायचे, पण वाटी रेषेपर्यंतच भरायचे. आणखी एक केलं. तिच्या कॉटशेजारी बसून असेपर्यंत स्वतः पाणी प्यायचे नाहीत. हे त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं, गोदावरीबाईंनी मला नंतर सांगितलं.

तेवढ्यात पोरीच्या लक्षात एक गोष्ट आली, जी आमच्या आली नव्हती. तिने डॉक्टरांना विचारलं, तुमचे ओठ माझ्यासारखे का सुकले? त्या म्हणाल्या, रोजा आहे बेटा, सूर्य बुडेपर्यंत पाणी नाही. अवनीने फार सहानुभूतीने विचारलं, "म्हणजे तुम्हाला पण किडनी झाली?"

वॉर्ड हसला. त्या दिवसांत आम्ही हसलो ते तेवढंच. पण मी मात्र हबकले. त्या भट्टीत दिवसभर वॉर्डात फिरणारी, झटका आलेल्या पोरीसाठी जिने धावत यावं, ती बाई पहाटेपासून कोरडी होती आणि तिने ते आम्हाला जाणवू दिलं नव्हतं. आम्हाला पाणी कमी देण्याचा अधिकार तिला कुठून आला, ते मला तेव्हा कळलं.

पोरीने हट्ट धरला, मीही डॉक्टरांबरोबरच पिणार. डॉक्टर रागावल्या. तुझा रोजा नाही, तुझं औषध आहे, वेळच्या वेळी प्यायचं. शेवटी तह झाला. दिवसभराचं पाणी वेळेवर, फक्त त्यातली शेवटची वाटी संध्याकाळची. मग रोज, अजानच्या जरा आधी, वकीलसाहेब वाटी भरून तयार. गळ्यात जानवं, कपाळाला गंध, आणि कान मशिदीकडे. डॉक्टर खिडकीशी खजूर घेऊन उभ्या, कॉटवर अवनी. अजान झाली की दोघी एकमेकींकडे पाहून पाणी प्यायच्या. अवनी ते एवढंसं पाणी इतक्या हळू प्यायची की आम्ही सगळे श्वास रोखून पाहत राहायचो. पाणी असंही पितात, हे मला म्हातारपणी कळलं.

खिडकीतल्या बाटल्यांची ओळ वाढत होती. नळी रोज ज्योतीवर जात होती आणि रोज पांढरी होत होती. मी काही कामाने अमरावतीला परतले होते. भाजीबाजारात उभी होते, हातात मेथीची जुडी, आणि फोन वाजला. वकीलसाहेब. हा माणूस जन्मभर 'लघुशंका' याखेरीज दुसरा शब्द तोंडातून न काढलेला. फोनवर ओरडत होते, "बाई, मुतली! पोरगी भरभरून मुतली!"

आणि मी, ननांच्या शाळेची विद्यार्थिनी, भर बाजारात ओरडले, "किती?"

भाजीवाली मैनाबाई माझी जुनी ओळखीची. तिने सगळं ऐकलं आणि विचारलं, नातू झाला का बाई? मी म्हटलं, त्याहून मोठं झालं. तिने मेथी फुकट दिली.

किडनीने दार उघडलं होतं. डॉक्टरांनी उघडलं नाही, हे त्या स्वतःच सांगतात. त्यांनी फक्त ते उघडेपर्यंत दारात उभं राहून कोणाला ढकलू दिलं नाही. मूठभर मांसाचा गोळा, आम्ही त्याच्यावर एवढा अत्याचार केला, आणि तो सुजला, गळला, बंद पडला, आणि आतल्या आत एकेक चाळणी झाडून पुसून पुन्हा कामाला लागला. कोणी शाबासकी दिली नाही. देवघरासमोर मी फारशी बसत नाही, पण या एका गोष्टीपुढे माझे हात जोडले जातात.

रंग निवळला तरी डॉक्टरांनी आम्हाला सोडलं नाही. डोळ्यांना दिसत नसलं तरी मायक्रोस्कोपखाली रक्त कितीतरी महिने दिसत राहिलं, आणि अवनीला बोलावणं येत राहिलं. शेवटी एकदा नळी ज्योतीवर धरली आणि ती निर्मळ राहिली. त्या दिवशी डॉक्टरांनी ती नळी खिडकीत धरून बराच वेळ पाहिली. जणू पहिल्यांदाच पाहत होत्या. इतक्या मुलांनंतरही.

आता वकारभाई, ती पट्टी. लहान मुलाचं बीपी मोजायला लहान पट्टी लागते. मोठी पट्टी लावली की आकडा खोटा, कमी येतो, चढलेलं बीपी कळत नाही आणि पोर मरतं, असं सरळ म्हणते. या वॉर्डातली लहान पट्टी डॉक्टरांनी स्वतःच्या पैशांतून आणलेली आहे, आणि निघताना त्या ती इथेच ठेवून जाणार आहेत. शाल तुम्ही त्यांना दिलीत, पट्टी त्या तुम्हाला देताहेत. या देवाणघेवाणीत कोण श्रीमंत, ते अध्यक्षांनी ठरवावं. आणि त्यांच्या जागी कोण येणार आहे, हे मला आज चहाच्या वेळी कोणी सांगू शकलं नाही. मी दर आठवड्याला फोन करीन. माझ्यापाशी वेळ पुष्कळ आहे.

वकीलसाहेब आज इथे आहेत, त्या दाराशी. त्यांच्या पाणपोईवर आता आईच्या नावाखाली एक ओळ रंगवलेली आहे: लेकराची लघवी चहासारखी झाली आणि जळत नसेल, तर पाणी पाजत बसू नका, आधी दवाखान्यात न्या. लघवी हा शब्द सर्वांत मोठ्या अक्षरांत आहे, संयोजकांनी जाऊन पाहावा. पाणी प्यायला आलेल्या आयांना ते विचारतात, "पोराले जळते का?" नाही म्हटलं की त्यांना या वॉर्डाकडे पाठवतात. तशी किती पोरं आली ते डॉक्टरांना माहीत. त्यांतली काही आत्ता खुर्च्यांखाली आहेत.

ऊन उतरलं. मला बोलायला बोलावलंत, आणि मी हे बोलेन हे माहीत असूनही बोलावलंत, याबद्दल आयोजकांची मी ऋणी आहे. ज्यांना माझ्या जिभेने ओरखडा काढला असेल त्यांनी तो या म्हातारीच्या खात्यावर मांडावा, डॉक्टरांच्या समारंभावर नको. काही कमीजास्त बोलले असेन, कोणाचं नाव सुटलं असेल, तर सांभाळून घ्या. डॉक्टर, तुमच्याबद्दल मला अजून एक सांगायचं होतं, ते असं की

अजान झाली.

अवनी, पुढे ये. पेला नीट धर, दोन्ही हातांनी. वकीलसाहेब, ओगराळं आणलंय ना? भरा. आज मोजू नका.